मांजर क्रमांक ४०० आणि पाऱ्याचा करार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आजची गोष्ट एका मांजरापासून सुरू होते. जपानच्या दक्षिणेला क्युशू नावाचे बेट आहे. त्या बेटावर कुमामोतो प्रांतात, समुद्राच्या एका शांत खाडीकाठी मिनामाता हे गाव आहे. गावात चिस्सो या रसायन कंपनीचा मोठा कारखाना होता आणि कारखान्याचे स्वतःचे रुग्णालयही होते. त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ च्या जुलै महिन्यात एका मांजराच्या रोजच्या खाण्यात कारखान्याचे सांडपाणी मिसळायला सुरुवात केली. प्रयोगातल्या मांजरांना क्रमांक दिलेले असत. याचा क्रमांक होता ४००.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मांजर लडखडू लागले. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. ते गरगर फिरे आणि भिंतीवर जाऊन आदळे. डॉक्टरांना ही लक्षणे नवी नव्हती. गेली काही वर्षे कोळीवाड्यातली मांजरे अशीच नाचत नाचत मरत होती आणि त्यांच्यामागोमाग माणसेही. डॉक्टरांनी आपला निष्कर्ष कंपनीच्या वरिष्ठांना सांगितला. हा प्रयोग पुढे चालवायचा नाही आणि झाला तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मांजर क्रमांक ४०० ची नोंद कपाटात गेली.

पुढे ५४ वर्षांनी, २०१३ साली, जगातल्या देशांनी पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा एक करार केला. त्याला नाव दिले मिनामाता करार. कपाटातल्या त्या नोंदीपासून या करारापर्यंत पोहोचायला एवढा काळ का लागला, ते आज आपण पाहणार आहोत.

चिस्सोच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होत असे. प्लास्टिकच्या धंद्याला ते लागे. ते तयार करताना पाऱ्याचा एक क्षार वापरावा लागे आणि त्या क्रियेत थोडा पारा मिथिल मर्क्युरी या अत्यंत विषारी रूपात बदलत असे. हे सगळे पाणी खाडीत सोडले जाई. पाण्यात त्याचे प्रमाण अगदी कमी. पण सूक्ष्म जीवांकडून ते बारीक माशांत, बारीक माशांकडून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक पायरीवर साठत जाते. मोठ्या माशाच्या अंगात ते पाण्यापेक्षा लाखो पटींनी जास्त असू शकते. कोळ्यांच्या घरी तिन्ही वेळा मासळीच असायची. त्यामुळे विष पहिल्यांदा त्यांच्या ताटात आले.

१ मे १९५६ रोजी डॉ. होसोकावा यांनीच सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवले होते की गावात मज्जासंस्थेचा एक अनोळखी आजार पसरतो आहे. हाच दिवस मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानतात. हातापायांना मुंग्या येणे, बोलणे अडखळणे, नजरेचा घेर आक्रसत जाणे, मग झटके आणि मृत्यू. लोकांना वाटले, हा साथीचा रोग आहे. शेजाऱ्यांनी रुग्णांच्या घरी जाणे बंद केले. आधीच गरीब असलेली ही कुटुंबे गावातच वाळीत पडली. गावाचे पोट कारखान्यावर चाले, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवायला कोणी धजत नव्हते.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ च्या जुलैत जाहीर केले की या रोगाचे कारण सेंद्रिय पारा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संतापलेले कोळी कारखान्यात घुसले. कंपनीने मग दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, सांडपाणी शुद्ध करण्याचे एक यंत्र गाजावाजा करून बसवले. ते यंत्र सेंद्रिय पारा वेगळा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. दुसरी म्हणजे, वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, रुग्णांच्या कुटुंबांशी एक करार केला. त्यात मिळणाऱ्या रकमेला नुकसानभरपाई न म्हणता सहानुभूतीचा पैसा म्हटले होते. शिवाय एक कलम होते : उद्या कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी रुग्णांनी जादा काही मागायचे नाही. मांजर क्रमांक ४०० आजारी पडल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. कंपनीला ते ठाऊक होते आणि सही करणाऱ्या कोळ्यांना मात्र त्याचा पत्ताही नव्हता.

नंतरची नऊ वर्षे पारा खाडीत जातच राहिला. १९६५ मध्ये दूर निईगाता प्रांतात आगानो नदीकाठी हाच रोग पुन्हा दिसला. तिथे कंपनी वेगळी होती, पण रसायन तेच. १९६८ च्या मे महिन्यात चिस्सोने पाऱ्याची ही पद्धत बंद केली, कारण तोवर ती जुनी होऊन गेली होती. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सरकारने मान्य केले की मिनामाता रोग कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झाला. हा क्रम जरा लक्षात ठेवा : आधी धंद्याची गरज संपली आणि मग सत्य मान्य झाले. पुढे आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतही हेच आपल्याला वेगळ्या रूपात भेटणार आहे.

रुग्ण कोर्टात गेले. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या डॉ. होसोकावा यांनी १९७० च्या जुलैत रुग्णालयातल्या खाटेवरूनच साक्ष दिली आणि मांजराची हकीकत कोर्टापुढे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि तो सहानुभूतीचा करार रद्दबातल केला.

या काळात आणखी एक डॉक्टर गावात घरोघर फिरत होते, कुमामोतो विद्यापीठाचे मासाझुमी हारादा. आईच्या पोटातली वार बाळाला विषापासून वाचवते, असे तोवर वैद्यकशास्त्र मानत असे. हारादांना अशी मुले दिसली की ज्यांनी कधी मासळी खाल्ली नव्हती, पण ती जन्मतःच अपंग होती. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. हारादांनी या नाळा गोळा केल्या आणि त्यांतला पारा मोजला. आईने खाल्लेले विष बाळाकडे गेले होते. घरातल्या एका रिवाजाने कारखान्याच्या अनेक वर्षांचा हिशेब जपून ठेवला होता.

आता जगाकडे वळू. १९७२ च्या जूनमध्ये स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. इंदिरा गांधींचे त्या परिषदेतले भाषण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच वेळी मिनामाताहून काही रुग्ण स्वतः स्टॉकहोमला गेले होते. त्यांत शिनोबु साकामोतो नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. तिला जन्मतःच हा रोग होता. तिला चालायला त्रास होई, बोलणे तुटक होते. पण तिला पाहिल्यावर कोणाला आकडेवारी सांगावी लागत नव्हती.

जगाला हळहळ वाटली, पण करार झाला नाही. कारण तेव्हा पाऱ्याकडे सगळे स्थानिक अपघात म्हणून पाहत होते. एक कारखाना, एक खाडी. त्याच सुमारास, १९७१-७२ मध्ये, इराकमध्ये भयंकर प्रकार घडला होता. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथिल मर्क्युरी चोळलेले होते. पोत्यांवरचा इशारा शेतकऱ्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत होता. पेरणीचा हंगाम निघून गेल्यावर काही ठिकाणी ते पोचले आणि लोकांनी त्याच्या भाकऱ्या केल्या. सहा हजारांवर लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. यालाही जगाने अपघातच म्हटले.

ही समजूत बदलली ती आभाळाकडे पाहिल्यावर. स्वीडनमधल्या कित्येक तळ्यांकाठी एकही कारखाना नव्हता, तरी तिथल्या माशांत पारा सापडत होता. पारा हा तसा विलक्षण धातू. घरात थर्मामीटर फुटला की त्याचे चकचकीत थेंब पळतात हे आपण पाहिले आहे. पण तो न दिसता हवेतही उडून जातो. दगडी कोळशात तो अगदी थोडा असतो. कोळसा जळला की धुराबरोबर वर जातो, महिनोन्‌महिने हवेत राहतो, हजारो किलोमीटर जाऊन पावसाबरोबर खाली येतो. उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या, आयुष्यात कारखाना न पाहिलेल्या आयांच्या रक्तातही तो मिळाला. म्हणजे एका देशाने कितीही कडक कायदा केला तरी त्याच्या तळ्यातला मासा शुद्ध होण्याची खात्री नव्हती. इथे खऱ्या अर्थाने मुत्सद्देगिरीचे काम सुरू झाले.

१९९८ मध्ये डेन्मार्कमधील आऱ्हूस शहरात युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या देशांनी पारा, शिसे आणि कॅडमियम यांच्याविषयी एक करार केला. पण त्यात आशिया, आफ्रिका नव्हते. मग संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पाऱ्याचा जागतिक आढावा घेतला. तो २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. या विषयावर जगाने एकत्र येऊन काही करावे, एवढा पुरावा आहे, हे २००३ मध्ये देशांनी मान्य केले. पण काय करावे, यावर सहा वर्षे वाद चालला. युरोपीय देशांना बंधनकारक करार हवा होता. अमेरिकेला नको होता. स्वेच्छेने, भागीदारीने काम करू, असे तिचे म्हणणे होते. भारत आणि चीन यांनाही बंधन नको होते, कारण दोघांची वीज कोळशावर. प्रत्येकाकडे आपापले कारण होते आणि ते खोटेही नव्हते.

कोंडी फुटली २००९ च्या फेब्रुवारीत, नैरोबीत. अमेरिकेत ओबामांचे सरकार नुकतेच आले होते आणि त्यांच्या शिष्टमंडळाने भूमिका बदलून बंधनकारक कराराला होकार दिला. अमेरिका वळल्यावर इतरांना अडून बसणे अवघड झाले. पण त्यामागे आणखीही काही होते. तोवर पाऱ्याला पर्याय आले होते. डिजिटल थर्मामीटर आला होता. कॉस्टिक सोड्याचे कारखाने पाऱ्याऐवजी पडद्याची पद्धत वापरू लागले होते. स्पेनमधील अल्मादेनची दोन हजार वर्षांची पाऱ्याची खाण बंद झाली होती. युरोपीय संघाने पाऱ्याची निर्यात २०११ पासून आणि अमेरिकेने २०१३ पासून बंद करण्याचे कायदे २००८ मध्येच केले होते. चिस्सोच्या वेळी जे घडले तेच पुन्हा घडत होते. सोडणे परवडू लागले, तेव्हा सोडायला लोक तयार झाले.

वाटाघाटींच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिली २०१० च्या जूनमध्ये, पुन्हा स्टॉकहोमलाच. मग जपानमधील चिबा, नैरोबी, उरुग्वेतील पुंता देल एस्ते आणि शेवटची २०१३ च्या जानेवारीत जिनिव्हात. उरुग्वेचे मुत्सद्दी फर्नांदो लुग्रिस अध्यक्ष होते. शेवटच्या दिवशी चर्चा रात्रभर चालली आणि १९ जानेवारीच्या सकाळी मसुद्यावर एकमत झाले.

अशा करारांत खरी लढाई क्रियापदांची असते. 'करील' आणि 'करण्याचा प्रयत्न करील' यांत जमीनअस्मानाचा फरक. पाऱ्याच्या नव्या खाणी काढायच्या नाहीत, जुन्या १५ वर्षांत बंद करायच्या, इथे 'करील' आले. पाऱ्याच्या बॅटऱ्या, थर्मामीटर, रक्तदाबमापक, काही दिवे, सौंदर्यप्रसाधने २०२० पासून बनवायची नाहीत. ज्यांना जमणार नाही त्यांनी रीतसर मुदत मागून घ्यायची. ॲसिटाल्डिहाइडची ती पद्धत २०१८ पर्यंत आणि कॉस्टिक सोड्याची पाऱ्याची पद्धत २०२५ पर्यंत बंद. कोळशाच्या वीज केंद्रांबाबत मधला मार्ग निघाला. नव्या केंद्रांत पाच वर्षांच्या आत उत्तम उपलब्ध तंत्र वापरायचे, जुन्यांना दहा वर्षे. बालकांच्या लसींत पाऱ्याचे एक संयुग संरक्षक म्हणून असते. गरीब देशांचे लसीकरण कोलमडू नये म्हणून लसी वगळल्या. पारंपरिक आणि धार्मिक वापराच्या वस्तूही वगळल्या. आपल्याकडची पारद शिवलिंगे या सवलतीत येतात.

पण दोन ठिकाणी करार मऊ पडला. एक म्हणजे सोने. अनेक गरीब देशांत लोक मातीत पारा मिसळून सोने वेगळे करतात आणि तो गोळा उघड्यावर तापवून पारा हवेत उडवतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार, माणसामुळे वर्षाला हवेत जाणाऱ्या सुमारे २,२०० टन पाऱ्यापैकी ३८ टक्के यातून येतो. कोळशाहूनही हा वाटा मोठा आहे. पण यावर एक कोटीहून अधिक लोकांचे पोट आहे. म्हणून बंदीऐवजी, ज्या देशांत हे मोठ्या प्रमाणावर चालते त्यांनी आराखडा करून वापर कमी करावा, एवढेच ठरले. दुसरे म्हणजे पाऱ्याने दूषित झालेल्या जागा. त्यांच्याबाबत देशांनी 'प्रयत्न करावा' एवढेच आले. पीडितांना भरपाई देण्याचे बंधन तर कोणावरच आले नाही.

म्हणूनच नावावरून वाद झाला. १ मे २०१० रोजी जपानचे पंतप्रधान युकिओ हातोयामा मिनामाताच्या स्मृतिसभेला गेले. तिथे जाणारे ते पहिलेच पंतप्रधान. त्यांनी माफी मागितली आणि कराराला गावाचे नाव द्यावे अशी इच्छा सांगितली. रुग्णांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. हजारो लोकांचे दावे अजून मान्य झालेले नसताना, भरपाईची सक्ती नसलेल्या कराराला आमच्या गावाचे नाव कशाला, असा त्यांचा सवाल होता. इतरांना वाटत होते की नाव राहिले तर जग विसरणार नाही. अखेर १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतोत करार मंजूर झाला तो मिनामाताच्याच नावाने. आदल्या दिवशीच्या उद्घाटनासाठी पंतप्रधान शिंझो आबे यांनी चित्रफितीतून संदेश पाठवला. पाऱ्यामुळे झालेल्या हानीवर जपानने मात केली आहे, असे ते म्हणाले. गावातले रुग्ण ते ऐकून संतापले. नाळांमधला पारा मोजणारे डॉ. हारादा हे पाहायला नव्हते. २०१२ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले होते.

करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ च्या जूनमध्ये तो स्वीकारला. आपल्याला हा विषय परका नव्हता. मुंबईजवळच्या ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर शास्त्रज्ञांचा शोधनिबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तामिळनाडूत कोडाईकनालला हिंदुस्तान लिव्हर कंपनीचा थर्मामीटरचा कारखाना होता. त्याची यंत्रे १९८०च्या दशकात अमेरिकेतून इथे आली. पारा लागलेली काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये कारखाना बंद झाला. कामगारांच्या आजारांचा कारखान्याशी संबंध कंपनीने मान्य केला नाही, पण २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तिने समझोता केला. अमेरिकेत नको झालेला कारखाना एका भारतीय डोंगरावर येऊ शकतो, ही वाट अडवायची तर एका देशाचा कायदा पुरत नाही.

करार आता वाढतोही आहे. दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. २०२३ मध्ये ठरले की पाऱ्याच्या ट्यूबलाइट २०२७ पर्यंत बंद करायच्या आणि पाऱ्याची गोरेपणाची क्रीम २०२५ नंतर बनवायचीच नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दातांत भरायच्या पाऱ्याच्या मिश्रणालाही २०३४ ची अखेरची मुदत मिळाली. सोन्याच्या मातीतला पारा मात्र चोरट्या वाटांनी फिरतोच आहे आणि सोन्याचा भाव चढला की त्याची मागणीही चढते.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये सदस्य देशांची पहिली बैठक जिनिव्हात भरली. तिथे जपानहून एक बाई आल्या होत्या. वय ६१, चालताना आधार लागत होता, शब्द जुळवायला वेळ लागत होता. स्टॉकहोमला गेलेल्या त्याच शिनोबु साकामोतो. मिनामाता अजून संपलेले नाही, हे त्यांनी प्रतिनिधींना सांगितले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या बोलायला आल्या तेव्हा करार नव्हता. आता करार होता आणि त्यावर त्यांच्याच गावाचे नाव होते.

श्रोतेहो, मिनामाताची खाडी आता साफ झाली आहे. तळाचा विषारी गाळ उपसून ५८ हेक्टर भराव घातला आहे. माशांना बाहेर जाऊ न देणारी जाळी १९९७ मध्ये काढली आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. भरावाच्या जमिनीवर आता लोक फिरायला येतात. त्यांच्या पायांखाली तो पारा अजून तसाच आहे, कारण पारा नाहीसा होत नाही, त्याला फक्त अडवून धरता येते. एका डॉक्टरची नोंद कपाटाबाहेर यायला अकरा वर्षे लागली, जगाचा करार व्हायला ५४. यानंतर असे काही कुठल्या कपाटात गेले, तर ते लवकर बाहेर यावे एवढ्यासाठी तरी या गावाचे नाव कराराच्या माथ्यावर राहिलेले बरे.